अणुस्फोटापासून मोबाइल वाचवणारी पिशवी : महिनाभराच्या वापरानंतर

अणुस्फोटातून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय स्पंदापासून (क्षणभर उसळणाऱ्या तीव्र रेडिओसारख्या लहरीपासून) मोबाइल आणि रेडिओ ‘शंभर टक्के’ सुरक्षित राहतील, असा दावा असलेली कापडी फॅराडे पिशवी, म्हणजे रेडिओ लहरी अडवणारी वीजवाहक कापडाची पिशवी, मी १,४०० रुपयांना ऑनलाइन मागवली. शिवण पक्की आहे आणि महिनाभर उघडझाप करूनही वेलक्रो सैल पडलेली नाही.

तोंड दोनदा दुमडले की आतल्या फोनवर कॉल लागत नाही. एकदाच दुमडले, तर कोपऱ्यात बोटभर फट राहते आणि रिंग वाजते. मात्र खिशातला रेडिओ एफएम लावून आत ठेवला, तेव्हा खरखर वाढली, पण गाणे ऐकू येतच राहिले. ही चाचणी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण स्पंदाची बरीचशी ऊर्जा मोबाइलच्या नव्हे, तर एफएमच्या आणि त्याखालच्या कंप्रतांमध्ये (फ्रिक्वेन्सींमध्ये) असते. स्फोटातील गॅमा किरण वातावरणाच्या वरच्या थरातील हवेतून इलेक्ट्रॉन उडवतात, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवते आणि काही नॅनोसेकंदांत जमिनीवर मीटरमागे ५०,००० व्होल्टपर्यंतचे क्षेत्र निर्माण होऊ शकते.

खरा दोष वेगळाच आहे. पिशवीच्या कडेला चार्जरची वायर आत घेण्यासाठी छिद्र ठेवले आहे आणि विक्रेता तीच सोय म्हणून मिरवतो. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधील जॉन्स्टन बेटाच्या परिसरात ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा स्फोट केला, तेव्हा सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या हवाईत रस्त्यांवरचे जवळपास ३०० दिवे विझले. त्याच ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत चाचणीने कझाकस्तानातील ५७० किलोमीटर लांबीच्या टेलिफोनच्या तारांवरील फ्यूज उडवले. लांब तार अँटेनासारखी स्पंद गोळा करते, तर कशालाही न जोडलेल्या छोट्या उपकरणात त्यामानाने फारच थोडी ऊर्जा शिरते. म्हणजे नुसता टेबलावर ठेवलेला फोनसुद्धा, या पिशवीत चार्जिंगला लावलेल्या फोनपेक्षा सुरक्षित असू शकतो!

कोणत्या कंप्रतेला किती डेसिबल (लहर किती क्षीण होते याचे माप) अडतात, असे मी विक्रेत्याला विचारले. ‘लष्करी दर्जाचे कापड’ एवढेच उत्तर आले. चाळीस डेसिबल अडले, म्हणजे क्षेत्र शंभर पटींनी घटले, तरी ५०,००० व्होल्टचे ५०० उरतात, म्हणून हा आकडा पाकिटावर छापलेलाच हवा. गाडीची रिमोट किल्ली ठेवण्यासाठी पिशवी ठीक आहे. अणुस्फोटाच्या नावाखाली मात्र ती घेऊ नये, निदान ते छिद्र बंद होईपर्यंत तरी.