पर्यावरण-आरोग्याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण: नऊ महिने कामात वापरल्यावर

मी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात आरोग्य सेविका आहे. नोकरीला सोळा वर्षं झाली. गेल्या जूनमध्ये पाणी, डास, हवा आणि उष्णता यांवर आमचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. शेवटच्या दिवशी अभिप्रायाच्या कागदावर सगळ्यांनी 'उत्तम' लिहिलं, मीही लिहिलं. पण त्यातलं हाताशी काय राहिलं ते आत्ता कळतंय, म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

आधी जानेवारी 2025 आठवा. किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकद घालवणारा नसांचा आजार) रुग्ण निघायला लागले आणि पुणे परिसरातला आकडा दोनशेच्या वर गेला. दारोदार एकच प्रश्न होता, "ताई, हे पाणी प्यायचं का नाही?" "उकळून प्या" यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. त्याने आधी जुलाब होतात आणि बहुतेकदा एक ते तीन आठवड्यांनी पायातली ताकद जाते. तोवर ते पाणी केव्हाच वापरून संपलेलं असतं, हे मला प्रशिक्षणात पहिल्यांदा नीट समजलं.

दुसरा दिवस सगळ्यात मोलाचा. सरांनी आम्हाला वर्गाबाहेर काढलं आणि एकाच नळयोजनेचं पाणी दोन ठिकाणी तपासायला लावलं. टाकीजवळ ओटी टेस्टला (औषधाचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन आहे का ते रंगावरून बघायची चाचणी) गडद पिवळा रंग आला. वस्तीच्या शेवटच्या घरी पाणी पांढरंच राहिलं. वाटेत क्लोरीन संपत जातं, म्हणून टेस्ट शेवटच्या नळाला करायची. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. मी वर्षानुवर्षं टाकीजवळचं पाणी तपासून रजिस्टर भरत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

सप्टेंबरात एका सोसायटीत एकाच विंगमध्ये चौघांना जुलाब लागले. पूर्वी मी ओआरएसची पाकिटं देऊन पुढच्या घरी गेले असते. या वेळी कागदावर चारही घरं आणि त्यांचं पाणी कुठून येतं ते मांडलं. चौघांचं पाणी एकाच जमिनीखालच्या टाकीतून येत होतं आणि टाकी टँकरवर भरत होती. सेक्रेटरी काका म्हणाले, "मॅडम, बघा ना किती नितळ आहे!" ओटीला रंगच आला नाही. टाकीचं झाकण फुटलेलं होतं आणि दोन हातांवर ड्रेनेजचं चेंबर. त्याच संध्याकाळी टाकी रिकामी करून धुतली, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं, झाकण बदललं. त्या विंगमध्ये नवा रुग्ण निघाला नाही.

डासांचं सत्रही उपयोगी पडलं. डेंगू, झिका पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून पाणी ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं. कोरडा दिवस (आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करणं) पाळणाऱ्या घरांतही अळ्या का सापडतात ते तेव्हा उमगलं. 2024 मध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले होते आणि झिकाचा धोका पोटातल्या बाळाला असतो, त्यामुळे गरोदर बाईच्या घरी मी आता फ्रिजमागचा ट्रे स्वतः ओढून बघते.

हवेचा दिवस मात्र वाया गेला. दिवसभर स्लाइड आणि आकडे. पीएम 2.5 साठी (हवेतली अतिसूक्ष्म धूळ) जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम आणि आपली 40, हे वहीत उतरवलं. पण कचरा जाळणाऱ्या वस्तीत दम्याच्या आजीबाईंना काय सांगायचं, ते कुणी बोललं नाही.

उष्णतेचं सत्र छोटं होतं, पण स्पष्ट. ताप 40 अंशांच्या वर आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर पॅरासिटामॉल देत बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात हलवा. बांधकामाच्या पत्र्याच्या खोल्यांत हे सांगून आले आहे. खरी कसोटी यंदाच्या एप्रिल-मेमध्ये लागेल.

मोठी तक्रार साहित्याची. ओटीची बाटली डिसेंबरात संपली आणि नवीन यायला सात आठवडे लागले. तेवढे दिवस मी पुन्हा "उकळून प्या" वर आले होते. उजळणीचा एक दिवस सहा महिन्यांनी देणार होते, तोही झाला नाही.

तरीही बोलावणं आलं तर जरूर जा. दुसरा दिवस चुकवू नका, आणि आपल्या भागातल्या शेवटच्या नळाला आधी एकदा टेस्ट करून तो आकडा सोबत न्या. सरांना नेमकं तिथलं विचारता येईल.