बायमेटल ओव्हरलोड की इलेक्ट्रॉनिक रिले? मोटर जळाल्यानंतर ठरलेली गोष्ट

मोटर भरणाऱ्या (रिवाइंडिंग करणाऱ्या) मामांनी कव्हर काढलं आणि मला आत बघायला सांगितलं. एका फेजच्या कॉइली कोळसा झालेल्या, बाकी दोन फेजच्या जवळजवळ कोऱ्या. डेल्टातली (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) मोटर दोनच फेजवर चालत राहिली की अशी जळते. नुसत्या जास्त भाराने जळली असती, तर तिन्ही सारख्याच काळ्या दिसल्या असत्या.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत वाळूच्या मिक्सरवरची ही ४० एचपीची मोटर, नेमप्लेटवर ५४ अँपिअर. स्टार-डेल्टात (आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात चालवणाऱ्या स्टार्टरमध्ये) ओव्हरलोड, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा रिले, वाइंडिंगच्या वायरींवर बसतो, म्हणून त्याचा डायल ५४ च्या ०.५८ पट, म्हणजे ३१ वर हवा. तो मीच लावला होता. त्या सकाळी पाहिला तर ४० वर होता.

मिक्सर नेहमी ३८ अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे वाइंडिंगमध्ये २२. एक फेज गेला की सगळ्यात जास्त भार पडणाऱ्या वाइंडिंगचा करंट साधारण दुप्पट होतो, ४४ धरा. डायल ३१ वर असता तर हा करंट १.४ पट ठरून ओव्हरलोड काही मिनिटांत पडला (ट्रिप झाला) असता. ४० वर तोच १.१ पट ठरतो, आणि तेवढ्यावर बायमेटल (तापून वाकणाऱ्या दुहेरी धातूच्या पट्टीवर चालणारा ओव्हरलोड) तासभरही गप्प बसू शकतो. त्यात आमचा ओव्हरलोड जुना, फेज गेल्याचं वेगळं ओळखणारी यंत्रणा नसलेला.

डायल कुणी फिरवला हे मी शोधत बसलो नाही. रात्रपाळीला ऑपरेटर एवढंच सांगतो, "ट्रिप आय्तु, सर", म्हणजे ट्रिप झालं. साचे थांबलेले, वाळू सुकत चाललेली, हातात स्क्रू ड्रायव्हर. त्याच्या जागी कुणीही डायल थोडा वर सरकवला असता. बायमेटलमधली हीच गोष्ट मला खुपली. तो पडतो, पण का पडला ते सांगत नाही. भार, गेलेला फेज, जाम झालेला गिअरबॉक्स, सगळ्याला एकच उत्तर: बाहेर आलेलं बटण. कारण कळलं नाही की माणूस सेटिंगलाच दोष देतो.

आता बायमेटल आणि करंट मोजून कारणही दाखवणारा इलेक्ट्रॉनिक रिले, या दोन्हींची तुलना, माझ्या अनुभवापुरती.

बायमेटल साधा आणि स्वस्त आहे. त्याला वेगळा सप्लाय लागत नाही, धुळीतही तो वर्षानुवर्षं चालतो, आणि रविवारी बिघडला तरी बेळगावात कुठल्याही इलेक्ट्रिकलवाल्याकडे मिळतो. कूलंट पंप, ग्राइंडर, पाच एचपीपर्यंतच्या मोटरी यांना मी आजही तोच ठेवतो. फक्त फेज गेल्यावर लवकर पडणारा घ्या, आणि रिसेट ऑटोवर नको, मॅन्युअलवर ठेवा.

पण त्याचा ट्रिप क्लास, म्हणजे जास्त करंटला किती वेळात पडायचं ते, विकत घेतानाच ठरलेला असतो. क्लास १० चा ओव्हरलोड सेटिंगच्या ७.२ पट करंटला ४ ते १० सेकंदांत पडतो, क्लास २० चा ६ ते २० सेकंदांत. आमच्या भट्टीच्या ब्लोअरला पूर्ण गती घ्यायला २५ सेकंद लागतात, आणि क्लास १० सुरू होतानाच पडायचा. त्यावरही लोक डायल वर सरकवतात. खरं तर तिथे वरचा क्लास हवा असतो, डायल तसाच ठेवून. इलेक्ट्रॉनिकमध्ये क्लास निवडता येतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. बायमेटलची पट्टी दोन-चार मिनिटांत गार होते, वाइंडिंगला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. ट्रिप, रिसेट, ट्रिप, रिसेट असं तीनदा झालं की रिले ताजा आणि मोटर तापलेली. थर्मल मेमरी असलेला, म्हणजे मोटर किती तापली याचा हिशोब ठेवणारा, इलेक्ट्रॉनिक रिले तोवर पुन्हा चालू करू देत नाही. ऑपरेटर चिडतात, पण तो वाद घालावा, मोटर भरू नये.

इलेक्ट्रॉनिकचा त्रासही सांगतो. मिक्सरला तो बसवल्यावर सुरुवातीला मी करंट असंतुलनाचं (तीन फेजच्या करंटमधल्या फरकाचं) सेटिंग १० टक्के ठेवलं आणि संध्याकाळी रोज मिक्सर थांबू लागला. मोजलं तर व्होल्टेज ४१८, ४१०, ४०२, म्हणजे असंतुलन जेमतेम २ टक्के. पण करंटमधलं असंतुलन व्होल्टेजच्या सहा ते दहा पट असू शकतं, त्यामुळे १० टक्क्यांची रेषा सहज ओलांडली जायची. आता २५ टक्के आणि ५ सेकंदांचा विलंब आहे. पूर्ण फेज गेला तर असंतुलन त्याच्या कितीतरी वर जातं, तेव्हा एवढं सैल ठेवून बिघडत नाही. तुमच्या फीडरवर आधी दोन-तीन संध्याकाळी तिन्ही फेज मोजा, मग आकडा ठरवा.

सीटीचं (रिलेसाठी करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं) गुणोत्तर, आणि लहान मोटरीला केबल सीटीतून किती वेळा फिरवली आहे, हे नीट भरा. दोन फेरे असताना रिलेत एकच भरला तर तो दुप्पट करंट दाखवतो आणि उगाच ट्रिप होतो. सगळं बसल्यावर क्लॅम्प मीटरने रिलेचा आकडा पडताळून पाहा.

पैसे मला तरी बायमेटलच्या कितीतरी पट पडले. पण ती मोटर भरायला जे गेले, त्यात रिले येऊन वर शिल्लक राहिलं असतं. म्हणून पंधरा एचपीच्या वर आणि जिथे मोटर थांबली की सगळं खातं थांबतं तिथे मी इलेक्ट्रॉनिककडे झुकतो. तुमच्याकडे रात्री जाणता वायरमन हजर असेल तर कदाचित तुमचा हिशोब वेगळा निघेल.

पावसाळ्यात मिक्सर पुन्हा थांबला. ऑपरेटरने फोनवर रिलेवरचे आकडे वाचून दाखवले: दोन फेज ठीक, तिसरा ११ अँपिअरवर आलेला, कारण असंतुलन. सप्लाय तपासला तर तिन्ही फेज होते. मी कॉन्टॅक्टर (मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) उघडायला सांगितला. एका पोलचा कॉन्टॅक्ट जळून बारीक झालेला होता. तो संच बदलला आणि शिफ्ट संपायच्या आत मिक्सर चालू झाला. रिलेचं सेटिंग बदलायचा पासवर्ड माझ्याकडेच होता, पण त्या रात्री तो कुणी मागितलाच नाही.