जुन्या बेसबॉल कार्डांसाठी ग्रेडिंग कंपनी निवडताना : वर्षभराहून अधिक काळच्या वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव लिहिण्याचे निमित्त एक तक्रार आहे. टी२०६ या जुन्या सिगारेट-कार्डांच्या मालिकेतील, बेसबॉलपटूचे चित्र असलेले एक कार्ड मी ग्रेडिंगसाठी, म्हणजे खरेपणा व स्थिती तपासून एक ते दहा असा दर्जा देण्यासाठी, पाठवले होते. ते तीनचा दर्जा घेऊन परत आले आणि त्या दर्जाबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. माझे म्हणणे आहे ते ज्या प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये कार्ड बंद करून पाठवले त्याबद्दल. त्या स्लॅबमध्ये कार्ड सैल आहे. स्लॅब डावीकडे कलला की कार्ड डावीकडे सरकते, उजवीकडे कलला की उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी शंभर वर्षांहून जुन्या पुठ्ठ्याचा कोपरा कठीण प्लास्टिकवर जाऊन टेकतो. काही महिन्यांनी भिंगाखाली पाहिले तेव्हा खालच्या उजव्या कोपऱ्यावर कागदाचे पांढरे तंतू सुटलेले दिसले. पाठवण्यापूर्वी मी काढून ठेवलेल्या स्कॅनमध्ये तो कोपरा झिजलेला असला तरी असा उसवलेला नाही.

ही कंपनी पीएसए, एसजीसी, बेकेट आणि सीजीसी या ग्रेडिंगमधील चार नामांकित कंपन्यांपैकी नाही. ती एक लहान कंपनी आहे आणि तिचे नाव मी येथे देत नाही. तिचे शुल्क कमी होते आणि माझ्या संग्रहात बहुतेक कार्डे साध्या खेळाडूंची, मध्यम किंवा त्याहून खालच्या दर्जाची असल्यामुळे शुल्क हाच माझ्यासाठी पहिला निकष होता. तक्रार केल्यावर पहिले उत्तर आले की वाहतुकीत कार्ड थोडे सरकणे स्वाभाविक आहे. दुसरे उत्तर आले की नवीन स्लॅब हवा असल्यास त्याचे वेगळे शुल्क आणि दोन्ही बाजूंचा विम्यासह टपालखर्च मी द्यावा. मी त्यांना जे कळवले तेच येथे पुन्हा लिहितो, कारण माझ्या मते संपूर्ण विषयाचे मर्म त्यातच आहे. दर्जाचा आकडा म्हणजे कार्डाच्या स्थितीविषयी कंपनीने सही करून दिलेले विधान होय. कार्ड ज्या वेष्टनात बंद केले तेच वेष्टन त्या कार्डाला झिजवू लागले, तर ते विधान दर महिन्याला थोडे थोडे खोटे होत जाते, आणि त्याची भरपाई ग्राहकाने करावी ही अपेक्षा मला मान्य नाही.

१९५७ पासून टॉप्स या कार्ड बनवणाऱ्या कंपनीची कार्डे अडीच बाय साडेतीन इंच या आजच्या प्रमाण मापात आली, आणि त्यानंतरचीच कार्डे जमवणाऱ्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. जुन्या कार्डांच्या बाबतीत मात्र मापांचा मेळ कोठेच नाही. सिगारेटच्या पाकिटांतून १९०९ ते १९११ या काळात आलेली टी२०६ कार्डे साधारण १ ७/१६ बाय २ ५/८ इंचांची आहेत. बॉस्टनच्या गौडी कंपनीची १९३३ ची कार्डे २ ३/८ बाय २ ७/८ इंचांची, म्हणजे जवळजवळ चौरस. बोमन या कंपनीची १९४८ ते १९५० ची कार्डे त्याहून लहान, तर १९५१ आणि १९५२ ची उंचीने वाढलेली. टॉप्सची १९५२ ते १९५६ ची कार्डे २ ५/८ बाय ३ ३/४ इंचांची, म्हणजे आजच्या मापापेक्षा मोठी. ज्या कंपनीने आधुनिक कार्डांचा साचा समोर ठेवून स्लॅब बनवला आहे, तिच्याकडे यांपैकी प्रत्येक मापासाठी योग्य खाच असेलच असे नाही. म्हणून आता मी कोणत्याही कंपनीविषयी सर्वांत आधी हेच विचारतो की माझ्या कार्डाच्या मापाची खाच तुमच्याकडे आहे काय. शुल्क, कालावधी आणि पुनर्विक्रीची किंमत हे सर्व त्यानंतर.

या एका निकषावर एसजीसीने मला मनापासून आनंद दिला. त्यांच्या स्लॅबमध्ये कार्डाभोवती काळी चौकट असते, जिला संग्राहक प्रेमाने टक्सिडो म्हणतात. ही चौकट केवळ शोभेची नाही. कार्डाच्या मापाच्या कापलेल्या जागेत कार्ड बसवलेले असते आणि चारही कडांना तिचा आधार मिळतो. मी पाठवलेली टी२०६ आणि १९५१ ची बोमन कार्डे परत आल्यावर प्रत्येक स्लॅब कानाजवळ धरून हलवून पाहिला. एकही कार्ड तसूभर हलले नाही. शिवाय पांढऱ्या किनारीची कार्डे काळ्या पार्श्वभूमीवर इतकी उठून दिसतात की चित्र किती मध्यभागी छापले गेले आहे हे मोजपट्टीशिवाय कळते. काही जणांना हेच आवडत नाही, कारण किनारीवरचा प्रत्येक टवका त्या काळ्या रंगावर उघडा पडतो. मला ते प्रामाणिकपणाचे वाटते. १९७१ च्या टॉप्स कार्डांची किनारच काळी असल्यामुळे त्यांच्याबाबत नेमके उलट होते आणि कडांवरचा काळा रंग कोठे संपतो व चौकट कोठे सुरू होते हे पाहण्यासाठी दिवा तिरपा धरावा लागतो, एवढी एकच अडचण मला जाणवली.

एसजीसीची जुनी लेबले विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. ही कंपनी पूर्वी शंभर गुणांची मोजणी वापरत असे आणि ती सरळ दहाने भागायची नसते. ६० म्हणजे पाच, ८० म्हणजे सहा, ८४ म्हणजे सात, ८८ म्हणजे आठ. लेबलावर ८४ पाहून आठच्या वरचे कार्ड मिळाले असे समजून पैसे मोजणारे आजही भेटतात.

सहा-सात महिन्यांपर्यंत माझे मत एवढेच होते की जुनी कार्डे असतील तर एसजीसी आणि विषय संपला. त्यानंतर मी एकाहून अधिक प्रती असलेली काही कार्डे विकायला काढली, आणि तेथे माझ्या मताला मुरड घालावी लागली. एकाच वर्षाचे, एकाच खेळाडूचे आणि एकाच दर्जाचे कार्ड पीएसएच्या लेबलाखाली सहसा अधिक किमतीला जाते. खालच्या दर्जात हा फरक कमी असतो, आठ आणि त्यापुढे तो डोळ्यांत भरतो. याचे एक कारण पीएसएची संच-नोंदणी हे आहे. तेथे आपला संच नोंदवून इतरांशी तुलना करणारे हजारो संग्राहक आहेत आणि त्या नोंदणीत पीएसएने दर्जा दिलेलीच कार्डे धरली जातात. त्यामुळे १९५६ चा संच पूर्ण करत आणलेल्या माणसाला शेवटची काही कार्डे त्याच लेबलात हवी असतात आणि तो त्यासाठी अधिक पैसे मोजतो. विकणाऱ्याने हे वास्तव नाकारण्यात अर्थ नाही. विकण्यासाठी म्हणून पीएसएकडे पाठवलेली १९५६ ची माझी कार्डेही स्लॅबमध्ये नीट बसून आली हे सांगायला हवे, कारण त्याच्याशिवाय केवळ किमतीच्या लोभाने मी तेथे दुसऱ्यांदा गेलो नसतो.

पीएसएकडे जुने कार्ड पाठवताना शेऱ्यांचा विचार आधीच करावा. १९५० च्या दशकातील टॉप्स कार्डे कोपऱ्यांनी उत्तम, पण छपाईने एका बाजूला सरकलेली अशी पुष्कळ सापडतात. पीएसए अशा कार्डाला कोपरे व पृष्ठभागाप्रमाणे वरचा दर्जा देऊन त्यापुढे ओसी, म्हणजे चित्र मध्यभागी नाही, असा शेरा लावू शकते. डागासाठी एसटी, छपाईच्या दोषासाठी पीडी आणि पेनाच्या खुणेसाठी एमके हे शेरेही आहेत. बाजारात शेऱ्याचे कार्ड साधारणपणे दोन दर्जे खालच्या कार्डाच्या किमतीला जाते, त्यामुळे अर्ज भरतानाच शेरा नको, दर्जा कमी द्या, असे कळवण्याची मुभा असते आणि मी ती नेहमी घेतो. पाचच्या दर्जासाठी कार्डाच्या समोरच्या बाजूवर आमनेसामनेच्या किनारींच्या रुंदीचे प्रमाण ८५ आणि १५ असले तरी चालते, हे लक्षात ठेवले तर कोणते कार्ड शेऱ्याशिवाय कोठे बसेल याचा घरबसल्या अंदाज येतो. एसजीसी असे शेरे लावत नाही, सरळ दर्जा उतरवते. मला ही पद्धत अधिक स्वच्छ वाटते.

ग्रेडिंगला दिलेल्या पैशांत आपण खरोखर विकत घेतो ते पारख्याचे ज्ञान, आणि जुन्या कार्डांत त्याची कसोटी कातरलेल्या कडांवर लागते. झिजलेली कड धारदार दिसावी म्हणून कार्ड कातरण्याचा उद्योग फार जुना आहे. परंतु अरुंद कार्ड म्हणजे कातरलेले कार्ड असे समीकरण मांडणारा माणूस टी२०६ चा पारखी नव्हे. अमेरिकन ब्यूटी या सिगारेटची जाहिरात पाठीवर असलेली कार्डे त्यांचे पाकीटच अरुंद असल्यामुळे मुळातच रुंदीने कमी आहेत. हे ठाऊक नसलेली कंपनी निर्दोष कार्ड फेरफार केलेले म्हणून परत पाठवील. उलट बाजूची चूकही घडू शकते आणि ती सर्वांत मोठ्या नावाच्या हातूनही घडली आहे. पीएसएने १९९१ मध्ये दर्जा दिलेले पहिलेच कार्ड म्हणजे बेसबॉलपटू होनस वॅग्नरचे टी२०६. त्याला आठ मिळाले होते, आणि ते कार्ड आपणच कातरले होते अशी कबुली लिलावाच्या व्यवसायातील बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली. आजच्या पीएसएला नावे ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. लेबलावर कोणतेही नाव असले तरी महागडे कार्ड घेताना कडा आणि माप स्वतः तपासावे, एवढ्यासाठी सांगतो.

बेकेट आणि सीजीसी यांच्याविषयी माझा अनुभव थोडा आहे. बेकेटने १९८० पर्यंतच्या कार्डांसाठी स्वतंत्र जुना विभाग ठेवला, आणि मध्यभाग, कोपरे, कडा व पृष्ठभाग यांचे वेगवेगळे गुण ही त्यांची पद्धत शिकणाऱ्याला उपयोगी आहे. मात्र कार्ड आधी पातळ पारदर्शक पिशवीत घालून मग स्लॅबमध्ये बसवल्यामुळे लहान कार्ड मला धुक्याआडून पाहिल्यासारखे दिसते. सीजीसीकडे मी १९६० च्या दशकातील मोजकी कार्डे पाठवली, कामाबद्दल तक्रार नाही. पण जुन्या बेसबॉल कार्डांचे खरेदीदार त्या लेबलाकडे अजून फारसे वळलेले नाहीत.

निवडीचा प्रश्न २०२४ च्या फेब्रुवारीत आणखी गुंतागुंतीचा झाला, कारण पीएसएच्या मालक कंपनीने, म्हणजे कलेक्टर्सने, एसजीसी विकत घेतली. दोन्ही नावे वेगळी राहिली असली तरी मालक एक आहे. एका कंपनीच्या शुल्कवाढीला दुसरी कंपनी लगाम घालील ही जी आशा माझ्यासारखे काटकसरी संग्राहक धरून होते, ती यामुळे क्षीण झाली. मार्च २०२१ मध्ये कार्डांचा ढीग इतका साचला होता की पीएसएने बहुतेक सेवांसाठी नवी कार्डे घेणेच थांबवले होते. अशा वेळी एसजीसी ही खरी पर्यायी वाट होती. पुढच्या वेळी ती तशीच मोकळी राहील काय, याची मला चिंता वाटते. एसजीसीच्या नावाला बाजारात वजन नाही हा जुना आक्षेप मात्र आता कोणी घेऊ नये. बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२ चे टॉप्स कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरांना विकले गेले, तेव्हा त्यावर एसजीसीचे साडेनऊचे लेबल होते.

खर्चाविषयी माझा नियम आता पक्का झाला आहे. पंधरा डॉलरांच्या कार्डावर तेवढेच किंवा अधिक शुल्क घालणे मला पटत नाही. त्यामुळे १९५० च्या दशकातील साध्या खेळाडूंची तीन-चार दर्जाची कार्डे मी पारदर्शक कव्हरात घालून खोक्यात उभी ठेवतो, आणि ती तेथे सुखरूप आहेत. बनावट किंवा कातरलेली असण्याचा धोका जेथे खरा आहे, म्हणजे नामवंत खेळाडूंची कार्डे, १९५२ च्या टॉप्समधील ३११ क्रमांकापासून पुढची दुर्मीळ कार्डे आणि कोणतेही चांगल्या स्थितीतील टी२०६, तेथेच ग्रेडिंगचे पैसे सार्थकी लागतात. शुल्काचा टप्पा कार्डाच्या किमतीवर ठरतो, आणि दर्जा अपेक्षेपेक्षा वर गेला तर वरच्या टप्प्याचे शुल्क आकारले जाऊ शकते, हेही हिशेबात धरावे. पाठवताना कार्ड कार्ड सेव्हर नावाच्या लवचिक, अर्धकडक प्लास्टिकच्या पाकिटात घालावे. टॉपलोडर नावाच्या कडक प्लास्टिकच्या कव्हरातून जुने कार्ड बाहेर ओढताना कोपरा दुमडण्याची भीती असते.

सध्या माझी वाटणी अशी आहे की स्वतःजवळ ठेवायची आणि विशेषतः लहान मापाची कार्डे एसजीसीकडे, तर विकायची किंवा कोणाच्या संचात जाणारी कार्डे पीएसएकडे. सैल स्लॅबमधले ते टी२०६ मी स्वतः फोडून बाहेर काढणार नाही, कारण प्लास्टिकचा जोड उघडताना कार्डाला इजा होऊ शकते. त्या लहान कंपनीने अद्याप खर्च उचलण्यास नकारच दिला आहे. म्हणून ते कार्ड स्लॅबसकट एसजीसीकडे पाठवून, त्यांच्याच हातून तो स्लॅब उघडून घेण्याविषयी चौकशी केली आहे, आणि तोपर्यंत ते कपाटात आडवे, सपाट ठेवले आहे.