फ्रीस्टाईल लिब्रे: बोटं वाचतात, डोकं वाचतं का?

डायबेटिसमध्ये दिवसातून चार वेळा बोट टोचून साखर बघायला सगळं मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत. माणूस थकतो तो उरलेल्या वेळात. डब्यात पोळ्या किती न्यायच्या, इन्सुलिन घेऊन झालं आणि मीटिंगच लांबली तर काय करायचं, रात्री झोपताना १३० दिसतेय ती पहाटेपर्यंत टिकेल का. हा हिशेब वर्षानुवर्षं एकाही सुट्टीशिवाय चालतो आणि मग एक दिवस स्ट्रिपचा डबा उघडावासाच वाटत नाही. डोस चुकवणं, वहीत मनानेच आकडे लिहिणं, एचबीएवनसीची (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची) तपासणी पुढे ढकलत राहणं ही या थकव्याची नेहमीची लक्षणं. याला जो आळस म्हणतो त्याला हा आजार कळलेलाच नाही.

अशा माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: सेन्सर लाव, टोचायची कटकट संपेल. मुंबईत हा सल्ला बहुतेक वेळा ॲबट कंपनीच्या फ्रीस्टाईल लिब्रे या दंडावर चिकटवायच्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरबद्दल असतो. म्हणून या परीक्षणात एकच गोष्ट तपासली आहे: रोजच्या डायबेटिसने थकलेल्या माणसाचं ओझं हा सेन्सर हलकं करतो का? करतो. पण खोक्यातून काढून जसाच्या तसा वापरला तर बऱ्याचदा ते वाढवतोही. तो कसा वापरायचा हे आपणच आधी ठरवून घ्यावं लागतं.

वस्तू साधी आहे. ३५ मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाडीची चकती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटते आणि तिच्या मधोमध असलेला केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली साधारण ५ मिलिमीटर जातो. तो रक्तातली नव्हे, पेशींच्या भोवतालच्या द्रवातली साखर मोजतो. चालू केल्यावर पहिला एक तास आकडा येत नाही. नंतर फोन किंवा रीडर (आकडा दाखवणारं हातातलं यंत्र) जवळ नेला, म्हणजे स्कॅन केलं, की आकडा, बाण आणि मागच्या आठ तासांचा आलेख दिसतो. मूळ मॉडेल १४ दिवस चालतं आणि त्यात अलार्म नाही. लिब्रे २ प्लस १५ दिवस चालतं, आकडे फोनवर आपोआप येतात आणि शुगर फार खाली किंवा वर गेली की अलार्म वाजतो. खोक्यावर नेमकं कोणतं मॉडेल लिहिलंय, आपला फोन त्या ॲपला चालतो का, हे पैसे देण्याआधी बघा.

लावताना मुंबईत सगळ्यात मोठी अडचण घामाची आणि तेलाची. आंघोळीनंतर अंगाला खोबरेल किंवा मॉइश्चरायझर लावायची सवय असेल तर त्या दिवशी दंड कोरडा ठेवा. साध्या साबणाने धुवा, स्पिरिटच्या स्वॅबने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्पिरिट ओलं असतानाच सेन्सर दाबला तर तो धड चिकटत नाही आणि चरचरतंही. मे-जूनमध्ये तर लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली किंवा एसीत बसावं, कारण नुकताच पुसलेला दंडही लगेच घामेजतो. इन्सुलिन दंडात टोचत असाल तर त्या जागेपासून निदान अडीच सेंटिमीटर लांब. तीळ, व्रण, कडक झालेली जागा टाळायची.

जागा निवडताना लोकल डोळ्यांसमोर ठेवा. डब्यात शिरताना जो दंड दाराच्या दांड्याला घासतो आणि ज्या खांद्यावरून सॅक ओढून काढता, तो हात सोडून दुसरा निवडा. सेन्सर निघण्याचं नेहमीचं कारण हेच असतं, पाणी नव्हे. साडी नेसणाऱ्यांनी ब्लाउजच्या बाहीची शिवण नेमकी कुठे येते ते पाहावं. शिवण चकतीच्या कडेवर आली की दिवसभर घासून ती कड उचलते. वरून टेप लावायची तर मधे भोक असलेलीच घ्या, चकतीवरचं बारीक छिद्र झाकायचं नसतं. आंघोळ आणि पाऊस यांची काळजी नको. एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, ही मर्यादा आहे. दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात पोहायला जाणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. काढताना कडेला खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबलं की गोंद सैल होतो.

चिकटवलेल्या जागी नुसती लाली न येता खाज, पुरळ किंवा पाणी येऊ लागलं तर ओढून-ताणून चौदा दिवस पुरे करू नका. अशा काही सेन्सरांत सापडलेल्या आयसोबॉर्निल ॲक्रिलेट या घटकाची ॲलर्जी काही जणांना होते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

आता आकड्यांविषयी, कारण थकवा इथूनच सुरू होतो. सेन्सर रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे चालतो. साखर स्थिर असताना याने काही बिघडत नाही, पण शुगर लो झाल्यावर हाच उशीर घात करतो. ६२ दिसले, तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घेतली (म्हणजे साधारण १५ ग्रॅम), पंधरा मिनिटांनी बघितलं तर सेन्सर अजून ६० दाखवतोय. माणूस घाबरून आणखी साखर, वर बिस्किटं खातो आणि तासाभराने २५० वर पोचतो. रक्तातली शुगर तोवर कधीच वर आलेली असते. म्हणून लो नंतरची फेरतपासणी बोटावर करा. आकडा आणि अंगाला जाणवणारं जुळत नसेल तेव्हाही बोटच. सेन्सर घेतला म्हणून ग्लुकोमीटर कपाटात टाकायचा नाही.

पहिल्या चोवीस तासांतले आकडेही जरा हातचं राखूनच वाचायचे. रात्री त्या कुशीवर झोपलं की चकती दाबली जाऊन शुगर खोटीच ५० किंवा ५५ दिसते आणि कूस बदलली की काही मिनिटांत आपोआप वर येते. आलेखात मध्यरात्री विहिरीसारखा सरळ खड्डा दिसला तर आधी हा संशय घ्या, लगेच रात्रीचं इन्सुलिन कमी करू नका. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्यांनी आकडा खोटा वाढू शकतो.

बाणांचा अर्थ मात्र पाठ करावा, ते या यंत्राचं खरं बळ आहे. आडवा बाण म्हणजे मिनिटाला डेसिलिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी बदल, तिरका म्हणजे १ ते २, उभा म्हणजे २ पेक्षा जास्त. स्ट्रिपवर १२० आली की माणूस निश्चिंत होतो. पण १२० आणि खाली उभा बाण असेल तर पंधरा मिनिटांत ९० किंवा त्याखाली जायची शक्यता असते, आणि तेव्हा तुम्ही विरार फास्टमध्ये उभे असाल तर रॅकवरच्या बॅगेपर्यंत हात पोचत नाही. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पुडी शर्टाच्या खिशात हवी. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते.

हाच बाण थकलेल्या माणसाला छळतोही. जेवणानंतर तासाभराने २३० आणि बाण वर, असं दिसलं की हात इन्सुलिनच्या पेनकडे जातो. पण जेवणाआधी घेतलेलं जलद इन्सुलिन अजून पुरतं लागलेलं नसतं, त्याचं काम साधारण चार तास चालतं. मधेच दुसरा डोस घेतला की दोन्ही एकावर एक चढतात आणि तीन तासांनी शुगर ६० वर येते. मग साखर, मग पुन्हा चढ, मग पुन्हा पेन. असा दिवस काढलेल्या माणसाला सेन्सर उपटून फेकावासा वाटतो, आणि यात त्याचा दोष नाही. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर मागच्या डोसनंतर निदान तीन-चार तास जाईपर्यंत वाढलेल्या आकड्यामागे धावू नका.

मूळ मॉडेल वापरणाऱ्याला दिवसातून चार स्कॅन पुरतात: उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळी, झोपताना. दोन स्कॅनमध्ये आठ तासांपेक्षा कमी अंतर राहिलं की आलेख अखंड मिळतो. झोप नऊ तास झाली तर सुरुवातीचा तासभर गळतो, तेवढा गळू द्या. अहवालाला १४ दिवसांतली ७० टक्के नोंद पुरते. इन्सुलिन घेणाऱ्यांना डोसआधी, गाडी चालवण्याआधी आणि अस्वस्थ वाटलं तर बघावंच लागेल. त्यापलीकडे दर वीस मिनिटांनी फोन दंडाला लावून उपचारात काही भर पडत नाही, जीव तेवढा टांगणीला लागतो.

अलार्मवाल्या मॉडेलमध्ये लो शुगरचा अलार्म ७० वर चालू ठेवा आणि जास्तीचा अलार्म डॉक्टरांशी बोलून काही आठवड्यांपुरता २५० वर न्या. तो १८० वर ठेवला तर बहुतेक जेवणांनंतर वाजतो, आणि पाहता पाहता लो शुगरचा अलार्मही माणूस न बघताच बंद करू लागतो. खरा धोका तो. ज्यांना लो झाल्याची जाणीवच होत नाही, घाम किंवा थरथर येत नाही, त्यांनी मात्र अलार्म नसलेलं मॉडेल घेऊच नये.

घरच्यांच्या फोनवर आकडे पाठवायची सोय आहे, लिब्रेलिंकअप नावाची. लहान मुलांच्या आईवडिलांना आणि एकट्या राहणाऱ्यांना ती उपयोगी आहे. पण मोठ्या माणसाच्या बाबतीत घरातल्या चौघांना आकडे दिले तर चौघांचे फोन येतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘काय खाल्लंस?’ हाच असतो. एकालाच द्या, आणि आधीच ठरवून घ्या: ७० च्या खाली पंधरा मिनिटं राहिली आणि मेसेजला उत्तर आलं नाही, तरच फोन. जेवणावर चर्चा नाही.

अहवाल बघायचा तो दिवसादिवसाचा नव्हे, चौदा दिवसांचा एकत्र. त्यात आधी रात्र बघा, तिथे ७० च्या खाली किती जातंय ते. मग एकच जेवण निवडा आणि पुढच्या खेपेपर्यंत एकच बदल करा. सकाळच्या पोह्यांनंतर रोज उंच टेकडी दिसत असेल तर पोहे निम्मे, जोडीला उसळ किंवा उकडलेलं अंडं, आणि नंतर पंधरा मिनिटं चालणं. उपासाची साबुदाण्याची खिचडी बहुतेकांच्या आलेखात ठळक उठून दिसते. पहाटे चार ते आठच्या दरम्यान काहीही न खाता चढणारी शुगर मात्र बहुतेकदा संप्रेरकांमुळे असते, रात्रीच्या जेवणातल्या चुकीमुळे नव्हे. हे आलेखात डोळ्यांनी दिसलं की कितीतरी जणांचा स्वतःवरचा राग उतरतो, आणि माझ्या मते या सेन्सरचा सगळ्यात मोठा उपकार तो आहे.

७० ते १८० मध्ये दिवसाचा ७० टक्के वेळ, ७० च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी, हे बहुतेक प्रौढांसाठी मान्य झालेलं उद्दिष्ट आहे. म्हणजे उरलेल्या वेळात शुगर वर गेली तरी ते उपचाराच्या हिशेबात धरलेलंच असतं. वयस्कर आणि इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर ते आणखी सैल करतात.

अगदीच नकोसं झालं असेल त्या आठवड्यात आलेख, वही, कर्बोदकांची मोजणी सगळं बाजूला ठेवता येतं, मूळ उपचार नाही. टाइप १ मध्ये दिवसभराचं बेसल इन्सुलिन कधीही बंद करायचं नाही. जेवणाचं इन्सुलिन ठरलेल्या अंदाजाने, आकडा उठल्यावर आणि झोपताना. २५० च्या वर राहून उलट्या किंवा पोटदुखी असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साठणारं आम्ल) तपासणी आणि थेट रुग्णालय. ही आठवड्याची सूट डॉक्टरांना सांगूनच घ्यावी. त्यांच्याकडे डायबेटिसचा ताण मोजणारी ‘पेड’ नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली मागा. तिच्यात शंभरपैकी चाळीस किंवा जास्त गुण आले तर हा ताण गंभीर धरतात. झोप, भूक, कामातला रस सगळंच गेलं असेल तर ते डायबेटिसच्या थकव्यापलीकडचं असू शकतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

एका सेन्सरला साधारण पाच हजार रुपये धरले तर वर्षभराच्या २६ सेन्सरना एक लाख तीस हजार होतात. हा पैशांचा घोर थकव्यात भरच घालतो. नुसत्या गोळ्यांवर असलेल्या टाइप २ वाल्यांनी सलग लावायची काहीच गरज नाही. तीन महिन्यांतून एकदा, डॉक्टरांच्या भेटीच्या तीन आठवडे आधी एक लावला की वर्षाला चार सेन्सर, वीस हजार. गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखं शुगर खाली नेणारं औषध असेल तर पहिला सेन्सर लवकर लावून रात्रीचे आकडे बघावेत. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना, गरोदरपणात आणि वारंवार लो होणाऱ्यांना सलग वापराचा खर्च सार्थ आहे.

विकत घेताना मुदत बघा आणि एसी असलेल्या केमिस्टकडून घ्या. खोक्यावर साठवणीचं तापमान छापलेलं असतं. मे महिन्यातल्या दुपारी डिलिव्हरीच्या पेटीत फिरलेला सेन्सर ते ओलांडून आलेला असू शकतो. मुदतीआधी बंद पडला तर फेकू नका, बदलून मागताना सिरीयल नंबर आणि कधीकधी सेन्सरही लागतो. एमआरआय किंवा सीटी स्कॅनची तारीख पंधरवड्यात असेल तर लावणं पुढे ढकला, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये त्यासाठी तो काढावा लागतो आणि काढलेला परत लागत नाही. सेन्सर दंडावर बसवायच्या ॲप्लिकेटरमध्ये सुई असते. तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत बंद करा, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला टोचणार नाही.