नर्सिंग कॉलेज निवडताना: पोस्टिंग हॉस्पिटलात की वस्तीत?

एका कॉलेजची जवळपास सगळी पोस्टिंग मोठ्या हॉस्पिटलात आणि दुसऱ्याचं निम्मं शिक्षण आसपासच्या दवाखान्यांत, शाळांत, वृद्धाश्रमांत, अशा दोन ॲडमिशनमध्ये अडकला असाल तर हे वाचा.

हात बसायला हॉस्पिटलच, यात वाद नाही. आयव्ही, कॅथेटर, ड्रेसिंग, इमर्जन्सीत न गडबडणं हे रोज पेशंट हाताळूनच येतं, वस्तीत तेवढी प्रॅक्टिस मिळत नाही. आयसीयूत जायचं पक्कं असेल तर पुढचं वाचूही नका.

पण डिस्चार्ज झाला की वॉर्डचा संबंध संपतो आणि खरी गोची तिथूनच सुरू होते, म्हणजे इन्शुलिन लिहून दिलंय पण आजींना सिरिंजवरचे आकडेच दिसत नाहीत, घरातले सगळे दिवसभर कामावर, हे फाइलमध्ये कुठे येतं? होम व्हिजिटला गेलं की पाच मिनिटांत कळतं.

आणि हे काही नवं फॅड नाहीये. 1860 ला आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची नर्सिंग शाळा लंडनच्या हॉस्पिटलात निघाली, दोनच वर्षांनी लिव्हरपूलला तिथले व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी त्यांच्याच सल्ल्याने शाळा काढली, तिथून गरिबांच्या घरी जाणाऱ्या नर्सेसही तयार व्हायच्या. मला न्यूयॉर्कचं उदाहरण जास्त आवडतं. तिथे शाळेत डॉक्टर तपासायचे, उवा, खरूज, डोळे आलेले दिसले की मूल घरी, पण उपचार कोण करणार? कुणीच नाही! 1902 ला लिलियन वॉल्ड या नर्सच्या हेन्री स्ट्रीट संस्थेने (गरीब वस्तीत घरोघरी नर्स पाठवणारी) शाळांना एक नर्स दिली, ती शाळेतच उपचार करायची, मग घरी जाऊन आईलाही दाखवायची, आणि घरी बसणारी मुलं झपाट्याने कमी झाली.

म्हणून माझा कल वस्तीवाल्या कोर्सकडे. फक्त एक घोळ असतो, टाय-अप नुसता कागदावर. वर्षातून एक कॅम्प, बीपी मोजा, फोटो काढा, झालं. त्यात लोकांचाही फायदा नाही आणि तुमचाही. फिल्डवर शिकवायला अनुभवी नर्स सोबत असते का आणि काय काम करायचं हे तिथल्या लोकांना विचारून ठरतं का, एवढं तरी विचारा.

ब्रोशर बाजूला ठेवा, शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठा आणि एकाच घरी किती वेळा गेलात ते विचारा. उत्तर 'एकदाच' आलं तर सरळ हॉस्पिटलवालं कॉलेज घ्या.