बारावीच्या तोंडावर जुना आजार बळावला तर: आत्ता बसायचं, पुरवणीला बसायचं की वर्ष सोडायचं?

माझ्या भाचीला आठवीपासून संधिवात आहे. बारावीचा पहिला पेपर आठ दिवसांवर असताना तिची बोटं आणि गुडघे असे सुजले की पेन धरवेना. कुडाळजवळच्या आमच्या घरात लगेच दोन तट पडले. भाऊ म्हणाला, "कशीही बसू दे, एकदाचं सुटेल." आई म्हणाली, "वर्स गेलां तर जांवदे, चेडू बरां होवंदे." दोघांचाही जीव तिच्यातच अडकलेला. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, दरवर्षी मुलांचे फॉर्म भरून घेते, तरी घरच्या मुलीसाठी ठरवताना कागद घेऊन बसावं लागलं. भावाला मी एकच विचारलं, "तिला पुढे जायचंय कुठे?"

सगळं त्या उत्तरावर अवलंबून असतं. इंजिनिअरिंग आणि फार्मसीची गुणवत्ता यादी लागते सीईटीच्या पर्सेंटाईलवर. बारावीत ठरलेल्या विषयांत खुल्या गटाला ४५ आणि राखीव गटाला ४० टक्के असले की दार उघडतं. नीटमधून मेडिकलला जाणाऱ्यांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटात ५० टक्के लागतात. म्हणजे इथे बारावी हा फक्त उंबरठा. याउलट आपल्या जवळच्या कॉलेजात बीएस्सी, बीकॉम किंवा बीए करायचं असेल तर बहुतेक ठिकाणी बारावीच्या टक्क्यांवरच यादी लागते. एनआयटीला, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना, खुल्या गटासाठी ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असण्याची अट आहे. आजारपणात पडलेले ५८ टक्के एकीकडे पुरून उरतात आणि दुसरीकडे मुलाला यादीबाहेर ठेवतात. त्यात कोकण विभागाचा निकाल राज्यात वरचा, २०२५ मध्ये ९६.७४ टक्के, त्यामुळे टक्क्यांवरच्या यादीत चुरसही तेवढीच.

आता आत्ताच बसण्याबद्दल. उंबरठाच ओलांडायचा असेल आणि मूल तीन तास खुर्चीत बसू शकत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: बसवा, आणि सगळ्या पेपरांना बसवा. टक्के वाढवायच्या गुणसुधार योजनेत पुन्हा बसायला मिळतं ते सगळे विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना. एका पेपरला गैरहजर राहिलं तर निकाल अनुत्तीर्ण. अर्धाच पेपर लिहून ३५ पडले तर पुढचा रस्ता शाबूत राहतो, आणि गुणसुधारात कमी पडले तरी आधीची गुणपत्रिका कुठे जात नाही. प्रात्यक्षिक आजारपणात हुकलं तर घाबरू नका, हुकलेल्यांसाठी नंतर 'आऊट ऑफ टर्न' परीक्षा असते, कॉलेजला लगेच लेखी कळवा. लेखी पेपरला मात्र तशी सोय नाही, आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाखवून गुणही वाढत नाहीत. इंग्लंडमध्ये ऐन परीक्षेत आजारी पडलेल्यांना जास्तीत जास्त पाच टक्क्यांपर्यंत गुण वाढवून देण्याची पद्धत आहे. आपल्याकडच्या पालकांनी त्या आशेवर राहू नये.

आपल्याकडे मिळते ती दिव्यांग मुलांना लेखनिक आणि जादा वेळेची सवलत, तासाला वीस मिनिटं. इथेच बहुतेक घरं उशीर करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया त्यात नावानिशी आहेत, मधुमेह आणि दमा नाहीत. संधिवाताचंही नाव नाही, पण सांधे कायमचे आखडले असतील तर अस्थिव्यंगाखाली तपासणी होऊ शकते. आम्ही फेब्रुवारीत धावपळ केली तेव्हा एका कार्यालयातून "चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आणा" म्हणून परत पाठवलं. खरं तर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितलंय की लिहिण्यात खरी अडचण असेल तर चाळीस टक्क्यांच्या अटीवर लेखनिक नाकारता येणार नाही. पण परीक्षेला आठ दिवस उरलेले असताना निकालपत्र घेऊन कोण भांडणार? अर्ज कॉलेजमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, तो फॉर्म भरतानाच जायला हवा.

पुरवणी परीक्षा कागदावर सोयीची दिसते. चार महिने मिळतात, एकदोन विषयच द्यायचे असतात. पण ती येते जून-जुलैत, आपल्या ऐन पावसात. वाडीतून केंद्रापर्यंतची एसटी, घाटात दरड, नदीला पूर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणचं काय झालं ते आपण पाहिलंय. भाचीचे सांधे तर पावसातच जास्त धरतात. दम्याच्या मुलांनाही ही दमट हवा सोसत नाही. शिवाय निकाल लागेपर्यंत जुलै संपतो, आणि पदवी कॉलेजांच्या याद्या त्याआधीच लागून गेलेल्या असतात. एखादा पेपर हुकला आणि तसंही पुढच्या वर्षी नीट द्यायची असेल, त्यालाच पुरवणी खरी कामाची.

वर्ष सोडणं मला पूर्वी हार वाटायचं. आता वाटत नाही. मूल दवाखान्यात असेल, औषध नुकतंच बदललं असेल, किंवा जायचंय तिथे टक्केच मोजले जाणार असतील, तर थांबावं. नीटला वयाची वरची मर्यादा नाही. आयआयटीचं स्वप्न असेल तर जपून: जेईई अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, आणि बारावीला पहिल्यांदा बसल्याचं वर्ष धरून ती मोजतात. एक पेपर देऊन बाकीचे सोडणं तिथे महागात पडतं. आणि वर्षभर घरी बसलेल्या मुलाला अभ्यासापेक्षा एकटेपणा जास्त छळतो. मैत्रिणी पुण्या-मुंबईला निघून गेल्या की काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

अजून एक. मार्चच्या काळजीत पालक मे महिना विसरतात. नीट वर्षातून एकदाच असते, त्या दिवशी आजारी पडलात म्हणून पुन्हा घेत नाहीत. औषधाचा बदल, तपासणी, विश्रांती हे सगळं त्या तारखेकडे बघून डॉक्टरांशी ठरवा. टाईप १ मधुमेहाच्या मुलांना नीटला साखरेच्या गोळ्या, फळ आणि पारदर्शक बाटलीतून पाणी नेता येतं. माहितीपुस्तिकेतलं ते पान छापून सोबत ठेवा, दारावरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही.

भाचीला फार्मसीला जायचं होतं, म्हणून ती बसली. शिमग्याचे ढोल वाजत असताना ती गरम पाण्यात बोटं बुडवून उजळणी करायची. एका पेपरात दोन तासांनी हात थांबला, तेवढ्यावरच तिने उत्तरपत्रिका दिली. ५४ टक्के पडले. सीईटीपर्यंत सूज उतरली होती, आणि प्रवेश झाला. यंदा माझ्या वर्गात दम्याचा एक मुलगा आहे आणि बोटं वाकलेली एक मुलगी. दोघांच्या डॉक्टरांचे कागद मी दिवाळीच्या सुट्टीआधीच मागवून घेतलेत.