फिलाडेल्फियातील धर्मग्राम शाळा: शिकवणे उत्तम, निरोपाची रीत मात्र वाईट

अमेरिकेतील ईशान्य फिलाडेल्फियात नव्याने राहायला येणारी मराठी कुटुंबे ‘कॉन्व्हेंट म्हणजे शिस्त’ या जुन्या विश्वासाने येथील धर्मग्रामांच्या, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या कॅथलिक समुदायांच्या (पॅरिश), शाळांची चौकशी करतात, म्हणून आमच्या मुलीच्या शाळेबद्दल, आणि ती बंद होण्याबद्दलही, सविस्तर लिहीत आहे.

शिक्षणाबाबत तक्रारीला जागा नाही. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी असल्याने शिक्षिकांना घरची सगळी भावंडे ठाऊक असत, आणि शाळा सुटल्यावर संध्याकाळी सहापर्यंत मुलांना सांभाळणाऱ्या आफ्टरकेअरमुळे नोकरी करणाऱ्या पालकांची मोठीच सोय होई. चर्चचे सभासद नसलेल्यांना शुल्क थोडे जास्त पडते आणि लॉटरीची तिकिटेही गळ्यात पडतात, हे आधीच सांगितलेले बरे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी शाळेच्या तळघरातल्या सभागृहात माशांचे जेवण असे. त्याला चर्चची पायरी न चढणारे शेजारीही येत, आणि आम्हा शाकाहाऱ्यांची बोळवण बटाट्याच्या पिरोगींवर (करंजीसारखा उकडलेला पोलिश पदार्थ) होई. आमच्या गल्लीतली निम्मी माणसे आम्हाला तिथेच भेटली.

अशा शाळांचे जाळे या शहरात जुने आहे. 1852 ते 1860 या काळात येथे बिशप असलेल्या जॉन न्यूमन यांनी ते विणले आणि नाममात्र वेतनावर शिकवणाऱ्या धर्मभगिनींनी ते पेलले. पुढे धर्मभगिनी कमी झाल्या, पगारी शिक्षकांचा खर्च वाढला, जुनी कॅथलिक कुटुंबे उपनगरांत गेली आणि विनाशुल्क चार्टर शाळा (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) आल्या. जानेवारी 2012 मध्ये येथील कॅथलिक धर्मप्रांताने नेमलेल्या आयोगाने सुमारे 45 प्राथमिक आणि 4 माध्यमिक शाळा बंद किंवा विलीन करण्याची शिफारस केली. त्या चारही माध्यमिक शाळा देणगीदारांच्या बळावर पुढच्याच महिन्यात वाचल्या, कित्येक प्राथमिक शाळांना मात्र असा कैवारी मिळाला नाही. मुलींची जुनी नामवंत शाळा हॅलहन हीसुद्धा नोव्हेंबर 2020 मधील घोषणेनंतर जून 2021 मध्ये बंद झाली.

आमच्या शाळेचे पत्र ऐन हिवाळ्यात मुलीच्या दप्तरातून आले, तेव्हा इतर बऱ्याच शाळांच्या अर्जांची मुदत टळून गेली होती. आमची शाळा ज्या शाळेत विलीन झाली तिथे जागेची हमी मिळाली आणि पहिल्या वर्षी शुल्कही वाढले नाही, एवढे श्रेय द्यायलाच हवे. पण ती शाळा बारा पदरी रूझवेल्ट बुलेवर्डच्या पलीकडे आहे. सरकारी शाळांच्या मुलांना बस देणाऱ्या स्थानिक शाळा-मंडळाने ती आपल्या हद्दीपासून दहा मैलांच्या आतल्या ना-नफा खासगी शाळांतील मुलांनाही पुरवावी, असा पेनसिल्व्हेनिया राज्याचा कायदा आहे, पण आमच्या बसच्या वेळा शाळा सुटण्याशी जुळवलेल्या होत्या, आफ्टरकेअरशी नव्हे. पूर्वी शेजारच्या आजी तीन घरांची मुले चालत घरी आणत, आता प्रत्येक घरातून एक गाडी आणि एक माणूस अडकतो. जुन्या शाळेच्या चिन्हाचे स्वेटरही वाया गेले.

नॉत्र दाम विद्यापीठातील कायद्याच्या दोन प्राध्यापिकांनी शिकागोतील वस्त्यांचा अभ्यास केला, तेव्हा कॅथलिक शाळा बंद झालेल्या भागांत शेजाऱ्यांमधील विश्वास घटलेला आणि बेशिस्त वाढलेली आढळली. आमच्या गल्लीत गुन्हे वाढले, असे मी म्हणणार नाही. मात्र ते सभागृह कुलूपबंद झाल्यापासून शेजाऱ्यांच्या भेटी कमी झाल्या, हे खरे. बंद करणाऱ्यांच्या हिशेबात विद्यार्थी, छप्पर आणि तूट असते, आजींची फेरी नसते. अपुऱ्या पटाची शाळा ओढत राहणे परवडत नाही, हे मान्य केले तरी वर्षभर आधी सांगणे अशक्य नव्हते.

तरीही प्रवेश घ्यावा का? घ्यावा, पण बक्षिसांच्या कपाटाऐवजी बालवाडीचा पट विचारावा, कारण गळती तिथूनच सुरू होते. धर्मग्राम आपल्या शाळेला दरवर्षी किती रक्कम देतो आणि पुढच्या वर्षासाठी भरलेली अनामत शाळा बंद झाल्यास परत मिळते का, हेही लेखी घ्यावे. आमची मिळाली, पण जून उलटल्यावर, आणि तोवर नव्या शाळेची अनामत खिशातून भरावी लागली.